आजोबांच्या घड्याळाची तबकडी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील एखाद्या जुन्या घरात दिवाळीच्या साफसफाईसाठी तिजोरी उघडावी, तर जमाखर्चाच्या वह्यांबरोबर आजोबांचे बंद पडलेले मनगटी घड्याळही हाती यावे. कधी ते स्विस बनावटीचे वेस्ट एंड असते, कधी एचएमटी. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेल्या कारखान्यातले. चावी दिली की यंत्र पुष्कळदा चालू लागते. पण तबकडी पिवळी, डागाळलेली दिसते. ती नवी करून घ्यावी, असे नातवाच्या मनात येते.

येथे घाई करू नये. तबकडी बहुधा पितळी पत्र्याची असते. तिच्यावर रंग किंवा चांदीचा मुलामा, छापलेले अंक आणि पारदर्शक वार्निश असते. दमट हवा व घाम फटींतून आत शिरले की वार्निश पिवळे पडते, मुलामा काळवंडतो. अशा तबकडीवर ओला बोळा फिरवला, तर डागाआधी कंपनीचे नावच पुसले जाण्याची भीती असते. म्हणून जाणता कारागीर प्रथम काटे काढतो, मागचे नाजूक पाय न मोडता तबकडी सोडवतो आणि रबरी फुंकणीने व कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडतो. कित्येकदा मळकटपणा काचेचाच असतो. नवी काच बसवताच घड्याळ उजळते.

साधारण 1960 पूर्वीच्या अनेक घड्याळांत अंक अंधारात चमकावेत म्हणून रेडियम वापरीत. चमक विझली तरी रेडियम उरतेच. त्याचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचे आहे. ते खरवडताना उडणारी धूळ शरीरात जाणे घातक ठरते. अमेरिकेत अशा तबकड्या रंगवणाऱ्या तरुणी ब्रशाचे टोक ओठांनी निमुळते करीत. 1920 च्या दशकात त्यांतील अनेकींचा बळी गेला. घड्याळ कारागिराच्या हाती देताना ही शंका त्याला आधीच सांगणे, हे अहिंसेचेच पालन होय.

जुना रंग काढून तबकडी नव्याने रंगवताही येते. स्वतःच्या वापरासाठी तसे केल्यास त्यात दोष नाही. प्रश्न उभा राहतो तो विक्रीच्या वेळी. जाड अक्षरे, मिनिटांच्या वाकड्या रेघा यांवरून जाणकार नवा रंग ओळखतो; अजाण ग्राहक मात्र फसतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोट्या वजनमापाच्या जोडीला ‘प्रतिरूपकव्यवहार’ येतो, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणे. पावतीवर ‘तबकडी नव्याने रंगवलेली’ एवढे तीन शब्द लिहिले, तर किंमत थोडी उतरेल. पण व्रत टिकेल आणि पेढीची पतही.

घड्याळ घरातच राहणार असेल, तर थोडा पिवळेपणा राहू द्यावा. दुकानाच्या गादीवर बसून आजोबांनी गाळलेल्या घामाचाही त्यात वाटा आहे.