गोळीचे अर्थशास्त्र

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा नाशिककरांचा आनंद थोडा घरचा होता. कारण नेमबाजीचे प्रारंभीचे धडे त्यांनी येथील क्रीडा प्रबोधिनीत गिरविले. पदकापाठोपाठ वृत्तपत्रांतून आणखी एक हकीकत आली. सरावाच्या गोळ्यांसाठी त्यांच्या शिक्षक वडिलांना कर्ज काढावे लागले होते. मासिक वेतनावर संसार हाकणाऱ्या वाचकांच्या मनात ती पदकापेक्षाही अधिक काळ रेंगाळली असेल.

शस्त्र एकदा घ्यावे लागते, गोळी रोज. पहिला स्थिर खर्च, दुसरा बदलता. आणि कुटुंबाला वाकविणारा खर्च हा दुसराच. पिस्तुलाचे उदाहरण घेऊ. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यात ०.२२ ची गोळी लागते व प्राथमिक फेरी ६० गोळ्यांची असते. आठवड्यातून चार दिवस एकेक फेरी झाडणाऱ्या मुलीला पन्नास आठवड्यांत १२,००० गोळ्या लागतील. दोन बनावटींत गोळीमागे दहा रुपयांचा फरक असला, तर वर्षाचा फरक १,२०,००० रुपयांचा झाला.

मग स्वस्त घ्यावी की महाग? येथे रायफल व पिस्तूल यांत भेद केला पाहिजे. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. तेथे एकाच कारखान्याच्या दोन लॉटांतील फरकही गुण घालवितो. म्हणूनच नामांकित रायफलपटू ईली वा लापुआ यांच्या युरोपातील चाचणी केंद्रांवर स्वतःची रायफल नेऊन तिला मानवणारा लॉट निवडून आणतात. पिस्तुलाचे दहाचे वर्तुळ मात्र अचूक फेरीत ५० आणि जलद फेरीत १०० मिलिमीटरचे असते. मध्यम किमतीची बरी गोळीही तेथे नवोदित नेमबाजाच्या हातापेक्षा अधिक अचूक ठरते. सरावासाठी सर्वांत महाग डबा घेणे ही माझ्या मते निव्वळ उधळपट्टी होय.

पिस्तुलाला हवी असते ती स्वच्छ व भरवशाची गोळी. जलद फेरीत प्रत्येक गोळीसाठी तीनच सेकंद मिळतात. शिसे, त्यावरील मेणाचे वंगण आणि न जळालेली दारू यांचा थर चेंबरमध्ये बसला की रिकामे काडतूस अडकते. शिवाय ०.२२ च्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते. ते सर्वत्र सारखे पसरले नसेल, तर काडतूस फुसके निघते. हानी तेवढ्या एका गोळीची नसते. 'वाजेल की नाही' ही शंका एकदा शिरली की चाप ओढणारे बोट बिचकू लागते.

तेव्हा तीन-चार बनावटींचे थोडे थोडे डबे आणावेत, प्रत्येकीच्या दोनशे गोळ्या मध्ये पिस्तूल साफ न करता झाडाव्यात आणि किती वेळा अडली याची नोंद वहीत ठेवावी. न अडणाऱ्यांपैकी जी स्वस्त, ती घ्यावी. तीही शक्यतो एकाच लॉटची. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेले डबे टाळावेत. स्पर्धेची पिस्तुले सामान्यतः ध्वनीहून किंचित कमी वेगाच्या गोळीसाठी जुळविलेली असतात. पावसाळ्यात डबे हवाबंद ठेवावेत. आणि शिसे विषारी असल्याने जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, हे पालकांनी आवर्जून पाहावे.

परवान्यावर वर्षाला किती गोळ्या घेता येतील यास कायद्याने मर्यादा आहे. केंद्र शासनाने २०२० मध्ये नेमबाजांसाठी ती वाढविली. मर्यादा वाढली, पण पैसा कोठून येणार? कुसाळे यांच्या पदकानंतर राज्य शासनाने एक कोटीचे पारितोषिक जाहीर केले, ते उचितच होते. तथापि गोळीची किंमत हिशेबापुरती पंधरा रुपये धरली, तर तेवढ्या रकमेत पंचावन्न मुलांचा वर्षभराचा दारूगोळा येतो. शासनाचे भांडवल पदकानंतर येते. त्याआधीचे भांडवल घरच्या भविष्यनिर्वाह निधीतून जाते. शासन हलेल तेव्हा हलो. जिल्ह्यातील क्लबांना एकत्र खरेदी करून सदस्यांना मूळ भावात गोळी देता येईल. पंचवीस मुलांची मागणी वर्षाला तीन लाख गोळ्यांची होते, आणि एवढ्या मागणीपुढे आयातदारही भावाचे बोलू लागतो.