बिस्किट घरचं, पण मोजून!

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या गल्लीतल्या बायकांचं एक काम ठरलेलं असे. मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात भरून बेकरीवर न्यायचं, नंबर लावायचा आणि संध्याकाळी भट्टीतून निघालेली खटाई गरम गरम घरी आणायची. पोरं डब्याभोवती घिरट्या घालायची. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चहाबरोबर ती खटाई पुरायची. ‘तूप’ म्हणून डब्यात जे जायचं ते बहुतेक घरांतून वनस्पती तूपच असे, पण तेव्हा त्याची चर्चा कोण करतो? घरचं सामान, डोळ्यांदेखत भाजलेलं, एवढ्यावर सगळ्यांचा विश्वास.

आता भट्टीवर डबा नेणारी घरं थोडी उरली. बिस्किटं पुड्यातून येतात आणि चहाच्या प्रत्येक कपाबरोबर येतात. म्हणूनच २०२३ साली, संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं होतं तेव्हा, मीही उत्साहाने नाचणीची बिस्किटं घरी करायला लागले. त्या बिस्किटांनी मला जो धडा शिकवला तो सांगण्यासाठी हा लेख. कृती तर देतेच, पण त्याआधी माझी चूक सांगते.

पुड्याची मागची बाजू

सुरुवात झाली ती सासूबाईंमुळे. त्यांना मी अत्ती म्हणते. त्यांचं माहेर बैलहोंगलचं, भाषा कन्नड. मी खानापूरची मराठी. आमच्या स्वयंपाकघरात नाचणी आणि रागी, गूळ आणि बेल्ल, तूप आणि तुप्प ही एकेकाच डब्याची दोन दोन नावं! अत्तींना दहाएक वर्षं मधुमेह आहे. चहा बिनसाखरेचा घेतात, पण चहाबरोबर बिस्किट हवंच. डॉक्टरांनी ते बंद करा म्हटलं आणि घरात रोजची कुरकुर सुरू झाली.

तेव्हा पहिल्यांदा मी पुडे उलटे करून वाचले. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे जो पदार्थ सगळ्यांत जास्त तो पहिला. समोरच्या बाजूला गव्हाच्या लोंब्यांचं चित्र आणि मागे यादीत पहिलं नाव मैद्याचं, मग साखर आणि पाम तेल, असंही आढळलं. सगळेच पुडे तसे नसतात, पण वाचल्याशिवाय ते कळत नाही.

वनस्पती तुपाबद्दलही थोडं सांगायला हवं. तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत त्यात ट्रान्स फॅट तयार होतात आणि ते हृदयाला घातक असतात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेला-तुपातील त्यांची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. हा मोठाच बदल. तरीही घरी केलं की कोणतं तूप, किती तूप हे आपल्या हातात राहतं, असा विचार करून मी कामाला लागले.

नाचणीचं कौतुक

नाचणी आम्हा खानापूरकरांना नवी नाही. डोंगरकडेच्या गावांत आंबील आणि भाकरी हे रोजचंच खाणं. अत्तींकडे त्याच आंबिलीला अंबली म्हणतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदूळ-गहू याच्या जवळपासही येत नाहीत. शिवाय धान्य कोंड्यासकट दळलं जात असल्याने तंतुमय भागही मिळतो. त्यात गूळ, घरचं तूप आणि शेंगदाण्याचं कूट घातलं. मैदा नाही, साखर नाही!

पहिला घाणा फसला. नाचणीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसत्या नाचणीचं बिस्किट हातात धरताच भुगा झालं. मग थोडी कणीक मिसळली आणि जमलं. घरात, शेजारी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वाहवा झाली. अत्तींना तर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ‘‘ही तुम्ही बिनधास्त खा.’’ त्यांनी एक डबा धारवाडला आपल्या बहिणीलाही पाठवला. त्यांनाही मधुमेहच.

एका बिस्किटात गूळ किती?

तीन महिन्यांनी अत्तींची तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ७.२ वरून ८.४ वर गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘मधल्या वेळेला काय खाता?’’ अत्ती अभिमानाने म्हणाल्या, ‘‘सुनेनं केलेली रागीची बिस्किटं. इदु बेल्लद्दु, सक्करी अल्ल.’’ गुळाची आहेत, साखरेची नाहीत!

डॉक्टर माझ्याकडे वळले. ‘‘एका बिस्किटात गूळ किती?’’

मला उत्तर देता आलं नाही. रोज वर्गात दुसऱ्यांना प्रश्न विचारणारी मी गप्प उभी राहिले.

घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. माझ्या घाण्यात १२० ग्रॅम गूळ आणि बिस्किटं २४. म्हणजे एका बिस्किटात ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. अत्ती सकाळी दोन, दुपारी दोन आणि रात्री औषधाच्या आधी एक अशी पाच खात. झाला २५ ग्रॅम गूळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं आहे की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या निरोगी माणसाला हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. गूळही याच हिशेबात धरायचा. त्यात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो.

बाकीचा हिशेबही फार वेगळा नव्हता. नाचणी कितीही गुणाची असली तरी १०० ग्रॅममध्ये सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यांचीही शेवटी साखरच होते. तूप घरचं असलं तरी त्यातला सुमारे साठ टक्के भाग संपृक्त मेदाचा. एका बिस्किटात सुमारे १०० कॅलरी, म्हणजे जवळजवळ एक पोळीच! अत्ती जेवणाव्यतिरिक्त रोज पाच पोळ्या खात होत्या आणि त्या त्यांना मीच वाढत होते.

अत्तींनी डबा फळीवर ठेवून दिला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘तू म्हणालीस म्हणून खाल्लं ग मी.’’ ते मला फार लागलं. पुड्यावरच्या चित्राला मी नावं ठेवली होती. पण ‘बिनधास्त खा’ हे माझं वाक्य तरी त्या चित्राहून वेगळं कुठे होतं? त्याच संध्याकाळी धारवाडला फोन करून मावशींनाही सगळं सांगितलं.

आता करते ती कृती

आठ दिवसांनी पुन्हा पीठ भाजायला घेतलं, ते वजनकाटा शेजारी ठेवून. साहित्य असं: नाचणीचं पीठ १५० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, बारीक किसलेला गूळ ७५ ग्रॅम, साजूक तूप ९० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट ५० ग्रॅम, पाव चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा दही, वेलची-सुंठ पूड, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं दूध. गूळ काळपट घ्यावा. पिवळाधमक रंग येण्यासाठी गुऱ्हाळात पुष्कळदा रसायन वापरतात.

नाचणीचं पीठ मंद आचेवर सात-आठ मिनिटं, खमंग वास सुटेपर्यंत भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. कच्चेपणा जातो आणि कमी गुळातही चव येते. थिजलेलं तूप आणि गूळ हाताने हलकं होईपर्यंत फेसा. तूप पातळ केलं तर बिस्किटं पसरतात. त्यात दही घाला, मग दोन्ही पिठं, कूट, सोडा, मीठ, वेलची-सुंठ. लागेल तसं चमचाभर दूध घालून गोळा करा, मळू नका. वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे नाचणी ओलावा धरते.

या गोळ्याची मोजून तीस बिस्किटं करा. ओव्हन १६० अंशांवर तापवून १८ ते २० मिनिटं भाजा. नाचणी मुळातच तांबूस, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. खालची कड उचलून पाहा आणि वासावर लक्ष ठेवा. बाहेर काढल्यावर ती मऊ लागतात, गार झाली की खुटखुटीत होतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन त्यावर स्टँड ठेवा, झाकण घालून दहा मिनिटं तापवा आणि मग ताटलीतली बिस्किटं ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. डबा घट्ट झाकणाचा हवा. दाण्याचं कूट खवट होतं, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतीच करा.

अशा एका बिस्किटात अडीच ग्रॅम गूळ आणि ७५ च्या आसपास कॅलरी येतात. दोन खाल्ली तरी गूळ एक चमचाच. तरीही मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना हे आकडे सांगून, विचारूनच खावीत. ही बिस्किटं औषध नव्हेत. ती खाऊच आहेत, फक्त त्यात काय आणि किती आहे हे आपल्याला ठाऊक आहे. घरच्या बिस्किटाचा खरा फायदा मला तरी एवढाच वाटतो, आणि तो लहान नाही.

डॉक्टरांनी अत्तींना सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटांची परवानगी दिली, तीही नाश्त्यात तेवढी कपात करून. पुढच्या तपासणीत आकडा ७.५ वर आला. त्यात औषधाचा आणि रोजच्या चालण्याचाही वाटा आहे; सगळं श्रेय बिस्किटाला देण्याची चूक मी पुन्हा करणार नाही. नातवंडांच्या डब्यातही आता दोनच जातात.

परवा मी डब्यातून बिस्किटं काढत असताना अत्तींनी एक जुनी कन्नड म्हण ऐकवली, ‘‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.’’ ज्याला जेवायचं कळतं त्याला रोग नाही, ज्याला बोलायचं कळतं त्याला भांडण नाही.

‘‘पहिला अर्धा भाग माझ्यासाठी,’’ त्या हसून म्हणाल्या, ‘‘आणि दुसरा तुझ्यासाठी. आता तिसरं मागितलं तर गोड शब्दांत नाही म्हण!’’