कपाटाची किल्ली कोणाकडे?

खेड्यातील प्राथमिक शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे बहुधा एक लोखंडी कपाट असते. वरच्या खणांत हजेरीपत्रके, पोषण आहाराच्या नोंदवह्या आणि जुने दाखले. तळाच्या खणात पुस्तके. अलीकडच्या काळात त्याच कपाटाशेजारी खोक्यात ठेवलेला प्रोजेक्टर किंवा दोन-चार टॅब्लेटही दिसू लागले आहेत. तपासणीच्या दिवशी पुस्तके व यंत्रे बाहेर येतात, त्यांवरची धूळ झटकली जाते, शेरा लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आपापल्या जागी विसावतात. शेजारच्या वर्गात मात्र चौथीची मुले पाठ्यपुस्तकातील नदीचा परिच्छेद तिसऱ्यांदा एका सुरात वाचीत असतात. पुस्तक आहे, यंत्र आहे, शिक्षक आहे आणि मूलही आहे. नाही तो या चौघांना जोडणारा धागा.

सर्वच शाळांचे चित्र असे आहे असे कोणी म्हणणार नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर या चित्राला छेद देणारी उदाहरणे ठळकपणे पुढे आली आहेत. परंतु ती उदाहरणे म्हणून सांगावी लागतात, यातच दुखणे कोठे आहे हे कळून येते.

दुखणे किरकोळ नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची चाचणी घेणाऱ्या ‘असर’ पाहणीनुसार, तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ते प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. म्हणजे पडझड भरून निघाली, परंतु भरून निघून आपण पुन्हा तेथेच पोचलो, जेथे चारांपैकी जेमतेम एक मूल समाधानकारक वाचते. तिसरीत वाचता न येणारे मूल चौथीत गणिताचे शाब्दिक उदाहरण सोडवू शकत नाही आणि पाचवीत इतिहासही समजून घेऊ शकत नाही. ते वर्गात बसलेले असते, पण वर्गाबाहेर गेलेले असते.

यावर उपाय म्हणून शासनाने काहीच केले नाही, हा आरोप न्याय्य ठरणार नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने शाळांना पुरवावयाच्या साहित्यात पुस्तकांचाही समावेश केला होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे परिशिष्टातच नमूद केले. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेतून शाळांच्या ग्रंथालयांसाठी स्वतंत्र अनुदान ठेवण्यात आले. यंत्रांच्या बाबतीतही प्रयत्न जुने आहेत. शैक्षणिक चित्रफितींसाठी १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे संगणकीय व्यासपीठ देशभर सुरू झाले. साधने आली, गेली, पुन्हा नव्या रूपाने आली. वर्गातील तासाची घडण मात्र फारशी बदलली नाही.

असे का व्हावे? शिक्षकांचा आळस हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते संशयास्पद आहे. खरे कारण पुष्कळदा एका नोंदवहीत दडलेले असते. शाळेची पुस्तके आणि यंत्रे जडसंग्रहात नोंदली जातात. मुख्याध्यापकाची बदली झाली की पदभार देताना प्रत्येक वस्तू मोजून द्यावी लागते. पुस्तक हरवले, फाटले, टॅब्लेटची काच तडकली, तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न उभा राहतो. न वापरलेल्या पुस्तकाबद्दल मात्र कोणालाही जाब द्यावा लागत नाही. ज्या व्यवस्थेत कोरे राहिलेले पुस्तक सुरक्षित आणि हाताळून फाटलेले पुस्तक दोषास्पद ठरते, त्या व्यवस्थेत शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावील. पुस्तके वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितला. आपल्या नोंदवह्यांपर्यंत तो अद्याप पोचलेला नाही.

कुलूप काढले तर काय होते, याचा एक नमुना सातारा जिल्ह्यातच आहे. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून जाहीर झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या ग्रंथग्रामाची प्रेरणा घेऊन राज्य शासनाने तेथे आरंभी सुमारे १५ हजार पुस्तके २५ ठिकाणी ठेवली. ती एखाद्या भव्य इमारतीत ठेवली नाहीत. गावकऱ्यांची घरे, देऊळ, शाळा अशा जागी ती वाटून दिली. पुस्तकाच्या आणि वाचकाच्या मध्ये उभा राहणारा पहारेकरीच काढून घेतला, हे भिलारचे खरे मर्म. पर्यटकाला जे दिले, ते गावोगावच्या शाळेतील पोराला देता येणार नाही काय? त्यासाठी १५ हजार पुस्तके लागत नाहीत. वर्गाच्या भिंतीला दोन दोऱ्या बांधून त्यांवर मुलाच्या हाताला येतील अशी ५० पुस्तके टांगली, तरी आरंभ होतो.

सातारा जिल्ह्यातीलच कुमठे बीटमधील शाळांनी दुसरी एक गोष्ट दाखवून दिली. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग मांडले. मुले गटागटाने जमिनीवर बसून, साहित्य हाताळीत, एकमेकांना विचारीत शिकू लागली. राज्याच्या अनेक भागांतील शिक्षक तो प्रयोग पाहावयास आले, आणि जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. हा प्रयोग महागड्या यंत्रांवर उभा नव्हता. साधन मुलाच्या हाती दिल्याखेरीज त्याचे साधनपण सिद्ध होत नाही, हाच त्याचा धडा होता.

यंत्राची बाजू तपासण्यासाठी सांगली जिल्ह्यात जावे लागते. करोनाच्या काळात शिक्षणाच्या निमित्ताने मोबाइल फोन घरोघरी मुलांच्या हाती गेला. शाळा उघडल्या, पण फोन हातातून सुटला नाही. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नियम केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद, आणि पुढचा दीड तास मुलांचा अभ्यास व वाचन. या नियमाकडे यंत्राविरुद्धचे बंड म्हणून पाहणे चुकीचे होईल. यंत्राने माणसाची वेळ ठरवावयाची नसून माणसाने यंत्राची वेळ ठरवावयाची, एवढाच त्याचा अर्थ आहे. पण त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. फोन बाजूला ठेवलेल्या त्या दीड तासात मुलाच्या हाती काय द्यावयाचे? ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील पान नाही, तेथे भोंग्याने रिकामी केलेली जागा शाळेच्या ग्रंथालयानेच भरावयास हवी. कपाट बंद असेल तर भोंगा अर्धेच काम करील.

तेव्हा पुस्तक की यंत्र, हा वादच मुळात फसवा आहे. दोन्ही वर्गातील पाठाशी जोडली तर उपयोगी, आणि न जोडली तर दोन्ही अडगळ. ही जोडणी कशी होते हे पाहण्यासाठी त्याच नदीच्या पाठाचे उदाहरण पुरे आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून वाहत कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणेला पोटात घेते. दोन जिल्ह्यांना बांधणारी ही नदी मुलांच्या रोजच्या पाहण्यातली. शिक्षकाने पाठाआधी फळ्यावर एकच प्रश्न लिहावा : महाबळेश्वरात पडलेल्या पावसाने सांगलीत पूर का येतो? मग मुलांच्या गटांना ग्रंथालयातील नद्यांची, पावसाची, धरणांची चार पुस्तके आणि एक नकाशा द्यावा. मुलांनी आपापले उत्तर वहीत लिहिल्यानंतर शिक्षकाने फोनवर उपग्रहाने टिपलेला नकाशा उघडावा, आणि उगमापासून सांगलीपर्यंत नदीचा माग त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांवर पोचली. यात गणित आले. घरी जाऊन आजीला २००५ च्या पुराच्या आठवणी विचारावयाच्या; यात इतिहास आणि भाषा आली. एवढ्या सगळ्यात यंत्राचा वापर झाला तो दहा मिनिटांचा. परंतु ती दहा मिनिटे मुलांच्या मनात प्रश्न जागा झाल्यानंतरची होती, म्हणून ती फुकट गेली नाहीत. प्रश्नाआधी पडदा उजळला तर मूल प्रेक्षक होते. प्रश्नानंतर उजळला तर ते शोधक होते.

यंत्राचा दुसरा उपयोग पुस्तकांचा तुटवडा भरून काढण्याचा. ‘बालभारती’चे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास खुले आहेत. जत तालुक्याच्या सीमाभागात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तेथील मुलांना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील बालपुस्तके हवीत, आणि ‘स्टोरीवीव्हर’सारख्या खुल्या संग्रहांत अशी पुस्तके अनेक भारतीय भाषांत मिळतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या छापील पानावर संकेतचौकट छापून तिच्याद्वारे ध्वनी आणि चित्र मुलापर्यंत नेण्याची त्यांची कल्पनाही हेच सांगते की, यंत्राने छापील पान पुसावयाचे नसते, त्याला खिडकी पाडावयाची असते.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो रास्तही आहे. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळावयाच्या, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे करावयाची, माहिती भरून पाठवावयाची. त्यात ग्रंथपालाचे काम कोणी करावे? प्राथमिक शाळेला ग्रंथपाल मिळण्याची चिन्हे नाहीत, हे मान्य करूनच वाट शोधावी लागेल. ती वाट केंद्रशाळेपासून निघते. एका शाळेला ५०० पुस्तके घेणे अवघड. परंतु केंद्रातील दहा शाळांनी प्रत्येकी ५० निवडक पुस्तकांची एक पेटी केली आणि महिन्याच्या शेवटी पेट्या एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरवल्या, तर एका शैक्षणिक वर्षात प्रत्येक मुलासमोरून ५०० पुस्तके जातात. ही कल्पना नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० नंतर बडोदे संस्थानात फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव पाठविल्या होत्या. त्या काळी पेटीचा हिशेब कागदावर ठेवावा लागे. आज शिक्षकाच्या खिशातील फोनवर कोणती पेटी कोठे आहे, कोणते पुस्तक मुलांनी किती वेळा नेले, हे क्षणात नोंदता येते. देवघेवीची वही चौथीतल्या दोन मुलांनी सांभाळावी. पुस्तकाची नावे नीट अक्षरात लिहिणे हाही भाषेचा पाठच आहे.

यासाठी वरून तीन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, वेळापत्रकात आठवड्याला किमान दोन तास ग्रंथालयाचे म्हणून असावेत आणि ते अन्य कामांसाठी कापले जाऊ नयेत. दुसरी, वापराने झिजलेली ठरावीक टक्के पुस्तके दरवर्षी जडसंग्रहातून विनाचौकशी कमी करण्याची मुभा मुख्याध्यापकास असावी. तिसरी, तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने किती पुस्तके आहेत हे विचारण्याऐवजी एखाद्या मुलाला जवळ बोलावून, या आठवड्यात काय वाचलेस, एवढेच विचारावे. या तिन्हींना नव्या अनुदानाची गरज नाही. दुसऱ्या गोष्टीला मात्र थोड्या विश्वासाची गरज आहे, आणि शासकीय व्यवहारात तीच सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे.

१९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यापाशी इमारती नव्हत्या आणि उपकरणेही नव्हती. बहुजनांच्या मुलावर त्यांचा विश्वास होता. त्याच मातीतल्या शाळांत आज कपाटे आहेत, पुस्तके आहेत, प्रोजेक्टरही आहेत. मुलाने पुस्तक फाडले तर पुन्हा चिकटवता येते. वाचण्याचे वय मात्र निघून गेले की चिकटवता येत नाही. शाळेच्या कपाटाची किल्ली चौथीच्या वर्गात, मुलांच्या हाताला येईल अशा खिळ्यावर टांगण्याचे धैर्य जो मुख्याध्यापक दाखवील, त्याच्या पाठीशी शिक्षण खाते उभे राहणार आहे काय, हाच आता खरा प्रश्न आहे.