पत्त्यांची निवड आणि खिलाडूपणा

घरांतल्या घरांत पत्ते खेळावयाचे म्हणजे हातीं कोणतीं पानें येतील तें वाटणाऱ्याच्या हातावर सोडावयाचें, ही आपली जुनी रीत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगाचीं बारा, अशीं १२० पानें. पण तो जोड सर्व खेळणारांस मिळून एकच. वाईट पानें आलीं तर नशिबास बोल लावावा, सोबत्यास नव्हे.

अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनीं १९९३ सालीं ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ काढला आणि ही सोय नाहींशी झाली. त्याच्या नेहमींच्या स्पर्धांत प्रत्येकानें निदान ६० पानांचा स्वतःचा कॅट घरून बांधून आणावयाचा. खेळास इंधन पुरविणाऱ्या साध्या ‘जमिनी’ वगळल्या तर एका नांवाचीं पानें चारांहून अधिक नकोत. पाकिटें विकत घेऊन पानें जमवावयाचीं आणि हजारों पानांतून साठ निवडावयाचीं, म्हणजे अर्धा डाव बसण्यापूर्वींच खेळून झालेला असतो. साहजिकच भांडण खेळण्यावरून न होतां निवडीवरून होतें. एकानें गाजलेल्या विजेत्याचा कॅट पानास पान लावून उचलला. दुसऱ्यानें प्रतिपक्षाची प्रत्येक चाल रद्द करणारींच पानें भरलीं. समोरचा चिडून म्हणतो, “हा काय खेळ झाला?”

आमच्या मतें स्पर्धेंत हा आक्षेप टिकत नाहीं. बुद्धिबळांत नांवाजलेली सुरुवात पाठ करणारास कोणी चोर म्हणत नाहीं. २००४ च्या सुमारास ‘अफिनिटी’ नांवाच्या कॅटानें इतर निवडींस फारशी जागाच ठेवली नव्हती, व पुष्कळांचें खेळावरील मन उडालें. पण दोष तीं पानें छापणारांचा होता. त्यांनींच मार्च २००५ मध्यें ‘स्टँडर्ड’ या स्पर्धाप्रकारांतून त्यांतील प्रमुख पानांवर बंदी घातली. तोंवर नियमांत बसतें तें वापरणारास नांवें ठेवणें अन्यायाचें. (आरंभीं या खेळांत पान पणास लावण्याचीही सोय होती! स्पर्धांतून ती लौकरच हद्दपार झाली, हें बरें झालें.)

खिलाडूपणाची कसोटी लागते ती कॅट उघडल्यावर. पिसलेला कॅट प्रतिपक्षापुढें ठेवून त्यास पिसूं अगर काटूं द्यावा लागतो. तें करतांना चेहऱ्यावर उपकाराचा भाव नसावा. फेरीस बहुधा ५० मिनिटें असतात. सावकाश गळा आवळणारा कॅट निवडण्यास मुभा आहे, पण तो निवडणारानें हात चपळ ठेवला पाहिजे. पुढें असतां मुद्दाम वेळ काढणें ही नियमानेंही लबाडीच. बक्षिसाचा वांटा देऊं करून डाव सोडवून घेणेंही तसेंच. ब्रिजमध्यें भिडूंनीं आपल्या बोलींचे संकेत प्रतिपक्षानें विचारल्यावर उघड करावे लागतात. संकेत कितीही चमत्कारिक असोत, गुप्त मात्र नसावेत. आम्हांस हा दंडक फार आवडतो.

घरची गोष्ट निराळी. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यास सुट्टींत मुंबईचा थोरला आतेभाऊ शेंकडों पानांची पेटी घेऊन उतरला आणि धाकट्यापाशीं एकच पाकीट असलें, तर तेथें नियमांचें पुस्तक दाखविण्यांत पुरुषार्थ नाहीं. थोरल्यानें आपल्याच पेटींतून दोन तोलाचे कॅट बांधावे, आणि पहिली निवड धाकट्यास द्यावी. आपल्या वांट्यास कोणता येईल हें बांधणाऱ्यास ठाऊक नसलें म्हणजे दोन्ही कॅट आपोआप सारखे बांधले जातात. भावाभावांत पेढा वांटतांना आई हीच युक्ति करते: एकानें तोडावा, दुसऱ्यानें उचलावा.