टोकन म्हणजे काय? गटाच्या वहीतून समजून घेऊ

हल्ली गुंतवणुकीच्या गप्पांत एक शब्द सारखा कानावर येतो, तो म्हणजे टोकन. "आमच्या कंपनीचं स्वतःचं टोकन आहे, आत्ता घ्या, वर्षात दुप्पट होईल." हे टोकन कोण तयार करतं आणि त्याचा हिशेब कुठे राहतो, ते आज बघू. इंग्रजी नावांना बिचकू नका. जिला गटाची वही समजते, तिला हेही समजेल.

तुमच्याकडून मी शंभराची नोट घेतली आणि उद्या दुसरीच शंभराची नोट परत दिली, तर तुमची काही तक्रार नसते. पण तुमची दुभती म्हैस नेली आणि दुसरीच आणून दावणीला बांधली, तर चालेल का? नाही ना! ज्याचा एक नग दुसऱ्या नगाच्या जागी नोटेसारखा चालतो, त्याला फंजिबल, म्हणजे अदलाबदलीचं टोकन म्हणतात.

आता वहीचं बघा. समजा गटाची वही फक्त सचिवताईंकडे न राहता दहाही जणींच्या घरी आहे आणि प्रत्येक व्यवहार दहाही वह्यांत उतरतो. मग एकटीला खाडाखोड करता येणार नाही. ब्लॉकचेन ही अशीच, हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली वही. इथेरियम नावाची ब्लॉकचेन २०१५ साली सुरू झाली. तिच्यात आकड्यांबरोबर छोटे प्रोग्रॅमही ठेवता येतात, त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. त्याच वर्षी फॅबियन फोगेलस्टेलर आणि विटालिक बुटेरिन यांनी टोकनसाठी एक ठरलेला नमुना मांडला. त्याचं नाव ईआरसी-२०.

या नमुन्यात टोकन बनवणारा आपल्या टोकनचं नाव, त्याची छोटी खूण, एकूण नग आणि एका नगाचे किती बारीक भाग होतील, हे ठरवतो. रुपयाचे शंभर पैसे होतात. इथे बहुतेक वेळा दशांश चिन्हापुढे १८ घरं असतात. मग गॅस नावाचं शुल्क इथर या चलनात भरून प्रोग्रॅम ब्लॉकचेनवर चढवायचा. झालं टोकन तयार! तयार नमुने फुकट मिळतात, त्यामुळे जाणकाराचं काम एका बैठकीत होतं. त्यासाठी मागे सोनं, जमीन किंवा धंदा असावा लागत नाही.

टोकन हातात धरता येत नाही. प्रोग्रॅममध्ये फक्त यादी असते: या पत्त्यावर इतके, त्या पत्त्यावर तितके. तुम्ही कोणाला पाच टोकन पाठवलीत, की तुमच्या नावचे पाच कमी होतात आणि तिच्या नावचे पाच वाढतात. सही म्हणून एक गुप्त किल्ली लागते. ती हरवली तर बँकेसारखं नवं पासबुक मिळत नाही. ती दुसऱ्याला कळली तर टोकन गेलीच समजा. "माझ्या खात्यातून इतकी टोकन उचल" अशी परवानगीही दुसऱ्याला देता येते. न वाचता ती दिली, तर कोऱ्या चेकवर सही केल्यासारखंच झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही प्रोग्रॅममध्ये मालकाला हवी तेव्हा नवी टोकन काढता येतात, काहींत कोणाचं खातं गोठवताही येतं. वही खरी असते, बेरीज बरोबर असते, पण टोकनला किंमत असेलच असं नाही. खरा हिशेब आणि खरी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. दरमहा दहा टक्के परतावा बिटकॉइनमध्ये देऊ, असं लोकांना सांगितलं गेलं. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच, खूप कमी किमतीचं टोकन लोकांच्या हाती ठेवलं, असं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे. २०१८ साली पुणे पोलिसांनी या प्रकरणात अटक केली.

म्हणून कोणी टोकन विकायला आलं, तर चार प्रश्न विचारा. एकूण नग किती आणि त्यातले मालकाकडे किती? नवे नग काढायचा अधिकार कोणाकडे? आज विकलं तर रुपये कोण देणार? आणि आणखी माणसं जोडल्याशिवाय नफा मिळतो का? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पैसे देऊ नका. करही लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून अशा व्यवहारातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लाजू नका, थांबू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. पुढच्या मासिक बैठकीत हे चार प्रश्न वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा. गटाची बचत अशा योजनेत घालायची वेळ आलीच, तर त्या पानावर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपयाही काढू नका.