पाणी काढायचा दिवस

सकाळी ६.४०
पेंधरला मेट्रोतून उतरून शेअर रिक्षाने गेटवर पोचेपर्यंत छत्री एकदा तरी उलटी होते. जुलै आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तेव्हापासून माझी सकाळची अर्धी दगदग संपली. उरलेली अर्धी खड्ड्यांची.

तळोजा एमआयडीसीत प्रत्येक गल्लीला तिचा वास आहे. केमिकलची गल्ली, मासळीची गल्ली, रंगाची गल्ली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इथले भटके कुत्रे निळे होऊन फिरत होते, त्याचे फोटो देशभर गेले. आमची गल्ली जळक्या तेलाची. घरी गेल्यावर केसांना तोच वास येतो, आणि माझी मुलगी लांबूनच सांगते, आज टँकर आला होता का नव्हता ते.

आमचं काम सांगायला सोपं. वर्कशॉप, गॅरेज, जहाजं यांच्याकडून वापरलेलं तेल येतं. त्यात पाणी असतं, लोखंडाचा कीस असतो, माती असते. आम्ही ते तापवतो, निवळू देतो, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो आणि तेल वेगळं काढून पुढे पाठवतो. पावसाळ्यात मात्र आम्ही तेल कमी आणि पाणी जास्त विकत घेतो, असं आमचा अकाउंटंट म्हणतो.

रात्रपाळीने निरोप ठेवलाय: दोन नंबर टाकी ८५ डिग्रीला, तीन नंबर रिकामी, फीड पंपाची ग्लँड थेंब थेंब गळते. लॉगबुकवर सही करून मी बूट बदलते.

७.१०
दोन नंबरमध्ये १०,००० लिटर माल आहे. रबाळे-महापेकडच्या वर्कशॉपांतून गोळा केलेलं हायड्रॉलिक आणि गिअर ऑइल. उतरवताना काढलेल्या नमुन्यात पाणी २४ टक्के, गाळ ४ टक्के. म्हणजे खरं तेल ७,२०० लिटर.

आमचे ऑपरेटर मामा डिप काढतात. पट्टीला पाणी दाखवणारी पेस्ट लावून ती तळापर्यंत सोडायची. पेस्ट जिथवर लाल झाली तिथवर पाणी. मामा पट्टी उजेडाकडे धरतात, बोटाने खूण करतात आणि तळाचा व्हॉल्व्ह उघडतात. पहिलं येतं ते करडं पाणी, मग तपकिरी, मग एक क्षण असा येतो की धार जरा जड होते, आवाज बदलतो. त्या क्षणी मामा व्हॉल्व्ह बंद करतात. मी काचेत बघून बंद केला असता तर शंभर लिटर तेल पाण्याबरोबर गेलं असतं. आज १,५०० लिटर पाणी असंच निघालं, यंत्र न लावता. नुसत्या उष्णतेने आणि एका रात्रीच्या धीराने.

तेल तापवायचं ते पातळ व्हावं म्हणून. घट्ट तेलात पाण्याचा थेंब अडकून बसतो, पातळ तेलात खाली घसरतो. पण ९५ च्या वर जायचं नाही. तळाशी पाणी असलेली टाकी शंभराला पोचली तर पाण्याची वाफ होते आणि सगळं फसफसून मॅनहोलमधून बाहेर येतं. दूध उतू जाण्यासारखंच, फक्त पुसायला तीन दिवस लागतात.

८.००
आधी डिकँटर. हे आडवं यंत्र: बाहेरचं पिंप फिरतं, आतला स्क्रू त्याच दिशेने पण किंचित वेगळ्या वेगाने फिरतो आणि कडेला बसलेला गाळ एका टोकाला ढकलत नेतो. जाडाभरडा कचरा इथे जातो. त्यातून आलेलं तेल पुढे डिस्क सेपरेटरमध्ये.

सेपरेटर उभा. त्याचा बाऊल ३० सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे घरातल्या मोठ्या पातेल्याएवढा. मिनिटाला ७,००० फेरे. त्या वेगाला बाऊलची कड ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास धावत असते आणि तिथे वजन आठ हजार पटींनी वाढलेलं असतं. एक ग्रॅमचा पाण्याचा थेंब तिथे आठ किलोचा. टाकीत ज्याला रात्र लागते ते इथे काही सेकंदांत होतं. आत शंकूच्या आकाराच्या शंभरेक पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या, मधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. थेंबाला तेवढंच अंतर कापायचं असतं. खरी करामत वेगाइतकीच या फटीची आहे.

हे मला पुस्तकातून कळलं. मामांना हाताने कळलेलं. ते सांगली जिल्ह्यातले. लहानपणी शेजारच्या गावातल्या डेअरीत दुधाची साय काढायचं हँडल मारायचं यंत्र त्यांनी फिरवलंय. "तेच की ह्ये," ते म्हणतात, "तितं हलकी मलई ठिवायची, हितं हलकं त्याल." ते अगदी बरोबर आहे. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावालने १८७८ मध्ये सेपरेटर बनवला तो दुधासाठीच. चकत्यांची युक्ती एका जर्मन माणसाची, दहाएक वर्षांनंतरची. त्या लावालच्या नावाची कंपनी आज पुण्यात दापोडीला आहे. दुधावरून तेलावर यायला यंत्राला फार बदलावं लागलं नाही.

बाऊल पूर्ण वेगाला यायला दहा मिनिटं लागतात. आवाज गुरगुरीपासून चढत चढत एका बारीक शिट्टीवर स्थिरावतो. मामा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घराला टेकवून मूठ कानाला लावतात. मान हलली की मी आधी सील वॉटर सोडते, म्हणजे बाऊलच्या कडेला पाण्याचं कडं तयार होतं, आणि मग तेल. हे कडं नसेल तर तेल सरळ पाण्याच्या वाटेने निघून जातं.

९.२५
तेच झालं. पाण्याच्या काचेत काळी रेघ दिसली, बघता बघता काच काळी झाली. सील तुटलं. मी फीड बंद केला आणि घाईघाईने म्हणाले, "ग्रॅव्हिटी डिस्क बदलू या, एक साइज लहान."

ग्रॅव्हिटी डिस्क म्हणजे बाऊलच्या वरच्या बाजूची कडी. तिच्या भोकाच्या मापावर ठरतं, आत तेल आणि पाणी यांची हद्द कुठे राहील. भोक फार मोठं असेल तर हद्द बाहेर सरकते आणि तेल पाण्यात जातं. फार लहान असेल तर हद्द चकत्यांत शिरते आणि पाणी तेलात जातं. सील न तोडता बसेल ती सगळ्यात मोठी कडी लावायची, हा नियम. जड तेलाला लहान कडी. म्हणून माझा तर्क चुकीचा नव्हता. पण कडी बदलायची तर यंत्र थांबवायचं, म्हणजे दीड तास गेला.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त हीटरनंतरच्या थर्मामीटरकडे बोट केलं. ६८ डिग्री. थर्मिक फ्लुइड हीटरचा बर्नर ट्रिप झाला होता, तेल गार होऊन जड झालं होतं आणि हद्द आपोआप बाहेर सरकली होती. कडी काल होती तीच बरोबर होती. बर्नर रीसेट केला, तेल हीटरमधून टाकीत परत फिरवत ठेवलं, ८५ ला आल्यावर पुन्हा सील वॉटर, पुन्हा तेल. पंचवीस मिनिटांत सुरू. बी.ई. मेकॅनिकल मी आहे, हे त्या पंचवीस मिनिटांत कोणी काढलं नाही याबद्दल आभार.

फीड ताशी १,७०० लिटर. यंत्र याहून जास्त घेऊ शकतं, पण जितकं हळू द्याल तितका थेंबाला आत वेळ मिळतो. मालकांना हे दर आठवड्याला नव्याने सांगावं लागतं.

११.१५
टँकर आला. कागद नीट आहेत: फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, रंगीत प्रती, वर्ग ५.१, वापरलेलं तेल. ड्रायव्हर काका केबिनमधून उतरून आडोशाला उभे राहिले. मी वर चढून झाकण उघडलं आणि वासानेच कळलं. आंबूस, शिळ्या ताकासारखा. कूलंट.

लेथवर, ग्राइंडिंगवर ते पांढरं दुधासारखं पाणी वापरतात, त्यात तेल पाण्यात मिसळून राहावं म्हणून मुद्दाम साबणासारखं रसायन घातलेलं असतं. तेच काम ते आमच्या टाकीत येऊनही करतं. थेंबाचा आकार निम्मा झाला की त्याचा खाली बसायचा वेग चौथा हिस्सा होतो, हा स्टोक्सचा नियम. कूलंटमधले थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. त्यांना आठ हजार पट वजनही पुरत नाही. म्हणूनच आम्ही टाकीतून तेल उचलायलाही संथ स्क्रू पंप वापरतो. जोरात फिरणारा पंप लावला तर तोच तेल-पाणी घुसळून थेंब बारीक करतो आणि मग आपण आपलंच काम वाढवून ठेवतो.

लॅबमधल्या मुलीने नमुना घेतला. तापलेल्या प्लेटवर थेंब टाकला, चर्र झालं; ते पावसाळ्यात सगळ्यांचंच होतं. मग शंभर मिलिलिटरच्या नळ्या गरम करून छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं. दोन नंबर टाकीच्या नमुन्याचे तीन थर झाले: वर तेल, मध्ये पाणी, तळाशी काळा गाळ. टँकरचा नमुना निघाला तसाच, वरपासून खालपर्यंत चहाच्या रंगाचा. तेल-पाणी सोडवणाऱ्या रसायनाचे, डीमल्सिफायरचे, तीन डोस चौकोनी बाटल्यांत करून बघितले. बाराला एका बाटलीत वर बोटभर तेल सुटलं, बाकी तसंच.

"मॅडम, घ्या की, थोडं भाव कमी करा," काका म्हणाले. त्यांचा राग माझ्यावर नाही, त्यांना खेपेचे पैसे मिळतात आणि परत जायचं डिझेल कोण देणार हा प्रश्न आहे. मी नाही म्हटलं. २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल आणि टाकाऊ तेल यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, त्यांच्या वाटाही वेगळ्या: एक पुन्हा तेल होऊ शकतं, दुसरं जमलं तर भट्टीत जळतं. कागदावर पहिलं लिहून टाकीत तिसरंच काहीतरी पाठवायचं, ही चलाखी वर्कशॉपच्या मागच्या दाराशी होते. तिथे एकच बॅरल ठेवलेलं असतं आणि हायड्रॉलिक तेल, कूलंट, थिनर, हात धुतलेलं रॉकेल, सगळं त्यातच. पावसाचं पाणी मी दिवसभर काढेन, माझी तक्रार नाही. पण माणसाने मिसळलेलं हे यंत्र वेगळं करत नाही.

परतीच्या कागदावर सही करून दिली. कँटीनमधून काकांना चहा आणि वडा पाठवला.

१.००
डबा. भेंडी.

१.३०
दोन नंबर संपायला अजून तासभर आहे, पण दुसरा सेपरेटर जेवणाच्या सुट्टीआधीच बंद केलाय, त्याचा बाऊल उघडायचा आहे. बटण दाबल्यावर तो लगेच थांबत नाही. अर्धा तास स्वतःच्या वेगाने फिरत राहतो. नवी पोरं इथेच फसतात. शिट्टी बंद झाली म्हणजे यंत्र थांबलं असं त्यांना वाटतं. शाफ्ट डोळ्याला स्थिर दिसेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

बाऊलच्या रिंगला उलटे आटे असतात, म्हणजे यंत्र फिरताना ती सैल पडू नये. उघडताना रोजच्या सवयीच्या विरुद्ध हात फिरवावा लागतो. चकत्या एकेक काढून डिझेलने धुवायच्या, क्रमानेच परत रचायच्या, आणि रिंग आवळताना तिच्यावरची खूण बाऊलवरच्या खुणेशी जुळवायची. मी आधी नोकरीला होते त्या कारखान्यात एकदा ही खूण पुढे गेलेली कोणी पाहिली नाही. आटे झिजले होते. यंत्र सुरू झालं तेव्हा जमीन थरथरली, कोणीतरी इमर्जन्सी दाबलं आणि सगळे बाहेर पळाले. कोणाला लागलं नाही. त्यानंतर मी खूण स्वतः बोटाने चाचपल्याशिवाय झाकण लावू देत नाही, आणि मामा त्याला कधी वैतागत नाहीत.

निघालेला गाळ बॅरलमध्ये. काळा, बुटाच्या पॉलिशसारखा, त्यात लोखंडाची चमक. तो तळोज्यातच घातक कचऱ्याच्या केंद्रात जातो, त्याचे पैसे आम्ही मोजतो.

३.००
हिशोब. शिल्लक ८,५०० लिटर फिरवले, तेल निघालं ६,९००. सुमारे ३०० लिटर गाळाला चिकटून गेलं. तयार तेलात पाणी ०.३ टक्के.

रंग काळाच आहे. बघायला आलेले लोक इथे हमखास निराश होतात. त्यांना सोनेरी तेल हवं असतं. काजळी फार बारीक असते, शिवाय तेलातच विरघळलेली आम्लं आणि मिसळलेलं डिझेल हे काही जड-हलक्याच्या न्यायाने सुटत नाही. त्यासाठी पुढच्या कारखान्यात निर्वातात ऊर्ध्वपातन करतात, तेव्हा ते पुन्हा बेस ऑइल होतं. आम्ही मधला टप्पा. पण आमच्याकडून पाणी घेऊन गेलेलं तेल त्यांच्या भट्टीत गेलं तर त्यांचा दिवस आमच्यापेक्षा वाईट जातो. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे, त्यामुळे आमच्याकडे चौकशीचे फोन वाढलेत. चौकशी किती वाढली ते सांगता येतं, स्वच्छ बॅरल किती वाढले ते नाही.

३.३५
दुसऱ्या पाळीला हँडओव्हर: बर्नरवर लक्ष ठेवा, टँकर परत केला, ग्लँड उद्या.

ज्यांच्या वर्कशॉपमागे तेलाचं बॅरल आहे त्यांच्यासाठी एवढंच. कूलंटला वेगळं बॅरल ठेवा. आणि बॅरल उघड्यावर उभं ठेवू नका: वरच्या काठात पाणी साचतं, दिवसा तापून रात्री गार झालं की आतली हवा आकसते आणि बंद बुचातूनही पाणी आत ओढलं जातं. शेड नसेल तर बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं.