नवा भाग बसवला, पण इंजिन ट्यून केले का?



केरीहून तेरेखोलच्या फेरीबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हल्ली मोठ्या आवाजाच्या गाड्या बऱ्याच दिसतात. आमच्या वरच्या वर्गातील मुलेही मधल्या सुट्टीत फ्री-फ्लो सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर, टर्बो यांवरच बोलतात. भाग बसवला की शक्ती वाढली, असा त्यांचा समज आहे. तो अपुरा आहे.

वजनाने १ भाग पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा हवा कमी, साधारण १२.५ ते १३ भाग ठेवतात. प्रयोगशाळेतील बर्नरची हवेची खिडकी फिरवली की ज्योत पिवळीची निळी होते, तत्त्व तेच. फिल्टर व सायलेन्सर मोकळे केले की इंजिन जास्त हवा ओढते. पेट्रोल त्या प्रमाणात वाढले नाही तर उष्णता वाढते, आणि पिस्टनला भोकही पडू शकते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व त्याला ९ भाग हवाच पुरते, म्हणून जुने आकडेही जसेच्या तसे चालत नाहीत.

ऑक्सिजन सेन्सर हे आपोआप सुधारत नाही का? संथ चालवताना सुधारतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू हा गाडीतील संगणक बहुधा आपल्या कोष्टकातील आकड्यांवर चालतो, आणि ते आकडे कारखान्याने मूळ भागांसाठी भरलेले असतात.

दुसरी गोष्ट ठिणगीच्या वेळेची. पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पडावी लागते. पुण्याच्या बजाज कंपनीने २००३ मध्ये पल्सरला दोन प्लग दिले, तेव्हा त्यासोबत ठिणगीची वेळ ठरवणारी चिपही दिली. दोन ठिकाणी पेटलेले मिश्रण लवकर जळते, मग ठिणगी पूर्वीइतकी आधी नको. नुसता प्लग वाढवून काम झाले नसते!

चांगला ट्यूनर आधी जुने दोष काढतो: प्लग, हवेची गळती, कॉम्प्रेशन, इंधनाचा दाब. मग गाडी डायनोवर चढवतो, म्हणजे रोलरवर चाके जागच्या जागी फिरवून शक्ती मोजतो. सुरुवातीला पेट्रोल थोडे जास्त आणि ठिणगी थोडी उशिरा. त्यानंतर एका वेळी एकच आकडा बदलायचा, मोजायचे, लिहून ठेवायचे. इंजिनातून खडखड, म्हणजे नॉकिंग, ऐकू आली की लगेच मागे यायचे. हे काम धीराचे आहे. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या गाडीचे कोष्टक उतरवून घेणे म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावणे. वाढलेल्या वेगाला ब्रेक व टायर पुरतील का, तेही पाहावे लागते.

पालकांसाठी विशेष: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. ज्यांना शर्यतीची हौस आहे त्यांच्यासाठी बंदिस्त ट्रॅक आहेत. कोईम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे; ते नाव एस. करिवर्धन यांच्यावरून पडले, आपल्या केरीचा त्याच्याशी काही संबंध नाही.